पाण्याचा ताळेबंद आणि फौजेतल्या रिकाम्या जागा

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडणारे हे गाव. १९७० आणि ८० च्या दशकांत इथली माणसे पोटासाठी गाव सोडत होती. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे चर आणि बंधारे खोदले गेले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असे ठरले, आणि गाव पाण्याला आले. ही गोष्ट अनेकांनी अनेकदा सांगितली आहे. या गावाची एक सवय मात्र कौतुकाच्या ओघात मागे पडते. पावसाळा संपला की हिवरे बाजार आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, विहिरींत पातळी किती आली, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, मग शेतीला किती उरेल. हा हिशोब ग्रामसभेत सर्वांसमोर होतो. ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी कोणती पिके घ्यायची नाहीत हेही तिथेच ठरते. कोणाच्या विहिरीला किती पाणी आहे हे सगळ्यांना माहीत असते. त्यावरून गावात भांडणे लागत नाहीत. भांडणे लागायची ती हिशोब नव्हता तेव्हा.

आज या गावाची आठवण काढली ती फौजेसाठी. हिवरे बाजारपासून पंधरा-सतरा किलोमीटरवर अहिल्यानगर, म्हणजे आपले जुने नगर, हे देशातील एक मोठे लष्करी ठाणे आहे. रणगाडा दलाचे केंद्र आणि शाळा इथे आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटचे केंद्र इथे आहे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी प्रयोगशाळाही इथेच आहे. ज्या किल्ल्यात मौलाना आझाद आणि पंडित नेहरू १९४२ नंतर कैदेत होते, तो किल्लाही लष्कराच्याच ताब्यात आहे. नगरच्या माणसाला लष्कर ही टीव्हीवर पाहण्याची गोष्ट नाही. ते भिंगारच्या बाजारात भाजी घेताना भेटते. म्हणून लष्करातल्या तुटीची चर्चा नगरमधून सुरू करणे रास्त आहे.

आधी तुटीचा आकडा पाहू. संरक्षण खात्याने संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार, १ ऑक्टोबर २०२४ रोजी भूदलात जवान आणि ज्युनियर कमिशन्ड अधिकारी यांची मंजूर संख्या ११,९७,५२० होती. प्रत्यक्षात होते ११,०५,११०. म्हणजे ९२,४१० माणसांची तूट. अधिकाऱ्यांची अवस्था अधिक बिकट. वैद्यकीय विभाग वगळता ५०,५३८ अधिकारी हवेत, १ जुलै २०२४ रोजी होते ४२,०९५. दर सहा खुर्च्यांपैकी एक रिकामी. त्याआधी मार्च २०२३ मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले होते की तिन्ही दले मिळून सुमारे १ लाख ५५ हजार जागा रिकाम्या आहेत आणि त्यांपैकी १ लाख ३६ हजार एकट्या भूदलातील आहेत. नौदल आणि हवाई दल ही तुलनेने लहान दले. पण नौदलातही तेव्हा दहा हजारांहून अधिक खलाशी कमी होते.

ही तूट आली कुठून? पहिले कारण उघड आहे. २०१९-२० या वर्षात भूदलाने ८०,५७२ जवान घेतले. पुढची दोन वर्षे, २०२०-२१ आणि २०२१-२२, कोविडचे कारण देऊन एकही जवान घेतला नाही. निवृत्त होणारे मात्र वेळेवर निवृत्त होत राहिले. दुसरे कारण १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेली अग्निपथ योजना. तिच्यात सुरुवातीला तिन्ही दलांसाठी वर्षाला ४६ हजार जागा ठेवल्या होत्या. बंद पडलेल्या दोन वर्षांचा खड्डा एवढ्याने भरणे शक्यच नव्हते. तिसरे कारण आपल्या सीमेपलीकडचे. नेपाळने अग्निपथच्या अटींवर आपले तरुण देण्यास संमती दिलेली नाही, त्यामुळे गोरखा पलटणींना नेपाळमधून येणारे जवान २०२२ पासून मिळालेले नाहीत.

म्हणजे जवानांची तूट मुलांच्या नाखुशीतून आलेली नाही. नगर, बीड, सोलापूर, सातारा या भागात पहाटे साडेचारला कोणत्याही डांबरी रस्त्यावर उभे राहा. हाफ पँट घातलेली, छातीवर अकॅडमीचे नाव असलेली मुले धावताना दिसतील. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत, म्हणजे साठ गुण. दहा बीम, म्हणजे चाळीस. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग पास. उंची १६८ सेंटिमीटर हवी, आणि एका सेंटिमीटरने बाद झालेला मुलगा वर्षभर झाडाच्या फांदीला लोंबकळत राहतो. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात राहुरीच्या कृषी विद्यापीठात अग्निवीर भरतीचा मेळावा झाला, तेव्हा सहा जिल्ह्यांची मुले रात्री-अपरात्री मैदानाबाहेर रांगेत बसली होती. रांग लांब आणि फौज अपुरी, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण ही रांग कशासाठी आहे हे आपण प्रामाणिकपणे सांगायला हवे. कोरडवाहू भागात फौजेची भरती हे देशप्रेम तर आहेच, पण ती शेतीला जोडलेली पगाराची विहीरही आहे. एक भाऊ शेतात आणि एक भाऊ फौजेत, पेन्शनीवर बहिणीचे लग्न आणि घराचा स्लॅब, हा दख्खनच्या कुटुंबांचा शंभर वर्षांचा संसार आहे. अग्निपथने नेमकी ही विहीर बुजवली. चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार, शेवटी सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी, ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही. दर चौघांपैकी एक जण कायम होणार, तीन घरी येणार. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला लागली. तिची चार वर्षे २०२६ सरता सरता पूर्ण होतात. फौज तरुण राहावी आणि पेन्शनचा बोजा कमी व्हावा हा सरकारचा हेतू समजण्यासारखा आहे. पण एकीकडे नव्वद हजार जागा रिकाम्या ठेवायच्या आणि दुसरीकडे शिकवून तयार केलेल्या चारांपैकी तिघांना घरी पाठवायचे, हा हिशोब हिवरे बाजारच्या ग्रामसभेत कोणी मांडला असता तर त्याला खाली बसवले असते. तूट आहे तोवर किमान निम्मे अग्निवीर कायम करावेत, असे आमचे मत आहे.

अधिकाऱ्यांच्या तुटीचे कारण वेगळे आहे. तिथे रांगच अपुरी पडते. बुद्धीने आणि शरीराने पात्र असलेला मुलगा इंजिनीअर होऊन पुण्या-बंगळुरूला जातो, कारण फौजेत बढतीचा जिना वर जाताना फार निमुळता होतो आणि शॉर्ट सर्व्हिसची दहा किंवा चौदा वर्षे संपल्यावर चाळिशीच्या आसपास पुन्हा नोकरी शोधावी लागते. महाराष्ट्राने हा प्रश्न लवकर ओळखला होता. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी खडकवासल्याला असूनही तिथे मराठी मुले कमी, हे पाहून राज्य सरकारने १९७७ साली औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था सुरू केली. दहावीनंतर दोन वर्षे मुलांना राहायला, शिकायला आणि एनडीएसाठी तयार व्हायला ती जागा देते. म्हणजे सरकारने आधी मोजले, कमी आढळले आणि उपाय केला. इथे कोणीही म्हटले नाही की एनडीएत मराठी मुले किती हे मोजणे म्हणजे देशाचे तुकडे करणे.

आता आपल्या दारातला प्रश्न. या रांगेत आपली मुले किती?

हा प्रश्न विचारला की वातावरण तापते. २००६ साली सच्चर समितीने तिन्ही दलांकडे मुस्लिमांच्या संख्येची माहिती मागितली, तेव्हा तापले होतेच. लष्कराला धर्म नसतो, आम्ही गुणवत्ता पाहतो, अशी भूमिका तत्कालीन लष्करप्रमुखांनी घेतली. संसदेत आणि वृत्तपत्रांत गदारोळ झाला. त्या गदारोळातच २००४ सालचा एक आकडा छापून आला. अकरा लाखांच्या फौजेत मुस्लिम सुमारे २९ हजार, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. तेव्हाच्या जनगणनेत मुस्लिमांचे प्रमाण होते १३.४ टक्के. सच्चर अहवालात अखेर सैन्यदलांचा हिशोब आलाच नाही. ज्या केंद्रीय सुरक्षा दलांची माहिती मिळाली, तिथे प्रमाण ३.२ टक्के निघाले.

लष्कराच्या भूमिकेत तथ्य आहे हे आम्ही मानतो. खंदकात शेजारी कोण बसला आहे हे पाहून कोणी गोळी चालवत नाही. आपल्या तुकडीत सर्व धर्म स्थळ असते, मौलवींची नेमणूक लष्करच करते, आणि जवानांचे सण अधिकारी त्यांच्याबरोबर साजरे करतात. हे अनेक नागरी संस्थांना अजून जमलेले नाही. पण लष्कर धर्म पाहत नाही म्हणून धर्म मोजता येत नाही, हे खरे नाही. भरतीला जाणारा प्रत्येक मुलगा जातीचा दाखला आणतो, आणि त्यावर धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचा वेगळा दाखला आणतो. जुलै २०२२ मध्ये यावर वाद झाला तेव्हा ही पद्धत पूर्वीपासूनच आहे आणि जवान शहीद झाल्यास अंत्यसंस्कारासाठी माहिती लागते, असा खुलासा करण्यात आला. खुलासा योग्यच आहे. मग अंत्यसंस्काराच्या वेळी उपयोगी पडणारी माहिती भरतीच्या वेळी समाजाला का सांगू नये? नावे नकोत, पलटणी नकोत. किती जणांनी अर्ज केला, किती परीक्षेत पास झाले, किती मैदानात टिकले, किती मेडिकलला बाद झाले, एवढे चार आकडे समाजगटांनुसार दरवर्षी द्या. त्यावरून सीमेवरचे कोणतेही गुपित फुटणार नाही.

हे चार आकडे का हवेत? कारण ते नसल्यामुळे आपल्या समाजात दोन अफवा सुखाने नांदतात. एक अफवा बाहेरची, की मुस्लिम फौजेत येत नाहीत कारण त्यांना यायचेच नाही. दुसरी आतली, की आपल्याला तिथे घेतच नाहीत, मग पळून उपयोग काय. दोन्ही अफवांचा परिणाम एकच. पहाटेच्या रस्त्यावर आपला मुलगा दिसत नाही. अर्जच कमी असतील तर दोष आपल्या घरात, शाळेत आणि मोहल्ल्यात शोधावा लागेल. अर्ज भरपूर आणि निवड कमी असेल, तर प्रश्न लष्कराला विचारावा लागेल. आकडेच नसतील तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात.

इतिहास पाहिला तर या रांगेत आपण नवखे नाही. पहिल्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या असत. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा शिपायाबरोबर नगर-साताऱ्याकडचा मुसलमान शिपाईही लढला. फाळणीने हे चित्र मोडले. मुस्लिम पलटणी आणि बहुसंख्य मुस्लिम अधिकारी पाकिस्तानात गेले. जे राहिले त्यांत ब्रिगेडियर महंमद उस्मान होते. ३ जुलै १९४८ रोजी झांगडच्या आघाडीवर ते शहीद झाले. पुढे १९७८ साली हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ हवाई दलाचे प्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. १९६५ साली खेमकरण भागात ४ ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीदांनी पॅटन रणगाडे उडवले. त्याच भागात तेव्हा आपल्या नगर जिल्ह्यातील राळेगण सिद्धीचा एक तरुण लष्करी ट्रक चालवत होता. तो हल्ल्यातून वाचला आणि पुढे अण्णा हजारे म्हणून देशाला माहीत झाला.

पण या नावांचा आपण जो वापर करतो त्याविषयी थोडे कडू बोलायचे आहे. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आपल्या मोबाइलवर अब्दुल हमीद येतात. २०२५ च्या मे महिन्यात कर्नल सोफिया कुरेशी पत्रकार परिषदेत दिसल्या आणि आपल्या घराघरांत अभिमानाने छाती फुगली. याच कर्नल कुरेशींनी २०१६ साली पुण्यात झालेल्या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचे नेतृत्व केले होते. तेव्हा आपल्यापैकी किती जणांना त्यांचे नाव माहीत होते? शहिदांची आणि शूरांची नावे आपण निष्ठेच्या दाखल्यासारखी खिशात ठेवतो आणि कोणी मागितला नसतानाही काढून दाखवतो. हे थांबले पाहिजे. नागरिकाला निष्ठेचा दाखला द्यावा लागत नाही. फौजेत जायचे ते हक्क म्हणून आणि जबाबदारी म्हणून. ज्या देशाचे पाणी आपण पितो, त्याच्या बंधाऱ्यावर श्रमदानाला जावे, तसे.

बंद दार कसे उघडते याचा धडा आपल्याच मातीत आहे. इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धांत उचलून धरला आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महार समाजाची भरती बंद केली. ज्या समाजाने मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती, त्याला एका कलमाने नालायक ठरवले. त्या समाजाने काय केले? निवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा अर्ज केला. आमच्या पूर्वजांनी किती वर्षे नोकरी केली, कोणत्या हुद्द्यापर्यंत पोहोचले, हे त्यांनी मांडले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १९१७ साली, सरकारला महार पलटण उभारावी लागली. गरज संपताच १९२१ साली ती मोडलीही. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा माणसे कमी पडली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पाठपुराव्याने १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे, आणि आज तिच्यात अनेक समाजांचे जवान आहेत. तुटीच्या काळात दार किलकिले होते. पण दाराशी कागद घेऊन उभा असलेला समाजच आत जातो.

बाहेरच्या जगातल्या दोन लहान देशांकडेही पाहू, कारण तूट लहान फौजेत अधिक लवकर दिसते. आयर्लंडची मंजूर फौज साडेनऊ हजारांची. प्रत्यक्षात माणसे साडेसात हजारांच्या आसपास. कमी पगार आणि बाहेर चांगल्या नोकऱ्या, यामुळे शिकलेले तंत्रज्ञ सोडून गेले आणि खलाशी नाहीत म्हणून गस्तीची जहाजे बंदरात उभी राहिली. सिंगापूरची गोष्ट वेगळी. तिथे १९६७ पासून सक्तीची लष्करी सेवा आहे, पण मलय मुस्लिम तरुणांना सुरुवातीची अनेक वर्षे एकतर बोलावलेच नाही किंवा पोलीस आणि अग्निशमनाकडे वळवले. शेजारी मुस्लिम देश, मग युद्धात यांची ओढाताण होईल, असे १९८७ साली तिथल्या मंत्र्याने जाहीरपणे सांगितले. पहिला मलय ब्रिगेडियर जनरल व्हायला २००९ साल उजाडले. आयर्लंडने आपल्या माणसांना पुरेसे दिले नाही. सिंगापूरने आपल्या माणसांवर पुरता विश्वास ठेवला नाही. दोन्ही चुका महाग पडतात. आपला देश मोठा आहे, म्हणून या चुका आपल्याकडे उशिरा दिसतात, एवढाच फरक.

आता आपण काय करायचे?

आम्ही आरक्षण मागत नाही. फौजेत धर्मावर कोटा नको, या मताचे आम्ही आहोत. धर्मावर वेगळी पलटणही नको. अग्निपथमधील एक तरतूद आम्हाला मान्य आहे. सर्व भारतातून, सर्व समाजांतून एकत्र भरती. ती प्रामाणिकपणे अमलात आली तर जुन्या पलटणींच्या जातवार वाटणीमुळे ज्यांना जागाच नव्हती, त्यांच्यासाठी वाट मोकळी होईल. पण दार उघडे ठेवून भागत नाही. दार उघडे आहे हे सांगायला कोणीतरी मोहल्ल्यात आले पाहिजे. भरती कार्यालयाचे अधिकारी महाविद्यालयांत जातात, तसे उर्दू शाळांत आणि मुस्लिम शिक्षणसंस्थांत जावेत, अशी मागणी आपण करू शकतो. भरतीची ऑनलाइन परीक्षा आता तेरा भाषांत देता येते, त्यांत मराठी आहे आणि उर्दूही. ही साधी बातमी आपल्या किती शाळांच्या फलकावर लागली आहे?

बाकीचे काम आपले आहे, आणि ते कष्टाचे आहे. जनरल ड्यूटीच्या जागेसाठी दहावीला सरासरी ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ गुण लागतात. आपली मुले पळण्यात कमी पडतात की नाही हा पुढचा प्रश्न. नववीत शाळा सोडून गॅरेजवर किंवा बेकरीत गेलेला मुलगा मैदानापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून फौजेची भरती सुरू होते ती सातवी-आठवीच्या वर्गात, गणिताच्या तासाला. दुसरी गोष्ट कागदांची. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरे आणि गुणपत्रिकेवर तिसरेच स्पेलिंग, यामुळे मुलगा टिकूनही कागदपत्रांच्या टेबलावर अडकतो. प्रत्येक मोहल्ल्यात वर्षातून एक दिवस कागद दुरुस्तीचे शिबिर घेणे जमाअत कमिटीला आणि तरुण मंडळांना सहज शक्य आहे. तिसरी गोष्ट मैदानाची. ईदगाहचे मैदान वर्षातील दोन दिवस वगळता रिकामे असते. तिथे पहाटे मुलांना पळू द्या. हिंदू-मुस्लिम दोघांनाही पळू द्या. निवृत्त फौजी गावोगाव आहेत, ते शिट्टी घेऊन आनंदाने उभे राहतील.

चौथी गोष्ट मुलींची. ती आपल्या समाजात सांगताना अजून आवाज खाली येतो. एनडीएचे दार मुलींना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या १७ मुली तिथून बाहेर पडल्या. लष्करी पोलिसांत महिला जवानांची भरती होते. मुलींसाठीची राज्य सरकारची पूर्वतयारी संस्था नाशिकला आहे. कर्नल कुरेशींचा फोटो स्टेटसला ठेवणाऱ्या बापाने घरातल्या मुलीला बारावीला गणित घेऊ दिले, तर त्या स्टेटसला अर्थ येईल.

नियम आधी माहीत असणेही महत्त्वाचे. हवाई दलातील दाढीच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये दलाचा नियम कायम ठेवला. कोणाला तो पटेल, कोणाला नाही. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट घरात, शांतपणे, भरतीला जाण्याआधी सांगितली पाहिजे. म्हणजे तो डोळे उघडे ठेवून निर्णय घेईल आणि नंतर कोणी त्याचे भांडवल करणार नाही.

शेवटी पुन्हा हिवरे बाजार. या गावात मुस्लिम कुटुंब एकच. त्या एका कुटुंबासाठी गावाने मशीद बांधली. गावाने ते करताना टक्केवारी काढली नव्हती. आणि त्या कुटुंबाने आपण एकटे म्हणून गावाच्या पाण्याच्या शिस्तीतून सूट घेतलेली नाही. गाव आणि माणूस यांच्यातला हा साधा व्यवहार आहे. गाव म्हणते, तू आमचा आहेस. माणूस म्हणतो, माझ्या वाट्याचे काम सांगा. दोन्ही वाक्ये एकाच वेळी उच्चारली गेली तरच बंधारा उभा राहतो.

देशाच्या फौजेत आज नव्वद हजारांवर जागा रिकाम्या आहेत. सरकारने ताळेबंद मांडावा, चार वर्षांच्या नोकरीचा हिशोब दुरुस्त करावा आणि आमच्या दारापर्यंत यावे. आपण दहावीची पुस्तके, नीट केलेले कागद आणि पळण्याचे बूट घेऊन तयार राहावे. पुढच्या भरतीची तारीख जाहीर होईल तेव्हा आपल्या मोहल्ल्यातून किती अर्ज गेले, हे निदान आपण तरी मोजू या. प्रत्येक मोहल्ल्याने एका वहीत हा आकडा लिहून ठेवावा आणि पुढच्या वर्षी याच वेळी आम्हाला कळवावा. आम्ही तो जसाच्या तसा छापू, कमी असला तरी.